जेल चालेपर्यंत

पीएचडी करणाऱ्याला वेळ नसतो असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण जीवशास्त्राच्या लॅबमध्ये एखादा दिवस नुसतं उभं राहून पाहिलं की लक्षात येतं, कामाइतकीच तिथे वाट पाहावी लागते. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) लावला की दीड-दोन तास. जेल (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणारी मऊ लादी) जमायला वीस-पंचवीस मिनिटं आणि चालायला पाऊण तास. ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूंच्या पेशींत डीएनए घालणं) असेल तर पेशी आणि डीएनए अर्धा तास बर्फात, मग ४२ अंशांवर फक्त ४५ सेकंद (हा हीट शॉक), पुन्हा दोन मिनिटं बर्फ आणि पुढे ३७ अंशांवर एक तास (ही रिकव्हरी). वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं ओळखायच्या चाचणीला) दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश. सलग वेळ कधीच मिळत नाही. सुटे तुकडे मात्र दिवसभर हाताशी येत राहतात. पुण्यात पाषाण रस्त्यावर, गणेशखिंडीत संशोधन करणारी मुलं-मुली दिवस या तुकड्यांवरच मोजतात. ‘जेल लावून येते’, ‘दोन वॉश राहिलेत, मग जेवू’ ही तिथली रोजची भाषा.

या तुकड्यांत काय काय मावतं, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे. पाच-सहा वर्षांचं हे शिक्षण माणूस ज्यावर तारून नेतो, त्यात गाइडचं मार्गदर्शन असतं, फेलोशिप असते, मित्र असतात. पण चहा, दही, खिडकीबाहेरचा तांबट पक्षी आणि लोकरीचा गुंडाही असतो. यांची नोंद प्रबंधात कुठेच होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुकडा किती लांब आहे एवढंच पाहून चालत नाही, त्याचं शेपूट पाहावं लागतं. वेळ संपल्यावर आणखी किती उशीर चालेल, ते शेपूट. पीसीआरच्या प्रोग्रॅमच्या शेवटी ४ अंशांवर होल्ड लावलेला असतो, त्यामुळे दोन तासांचे तीन झाले तरी बिघडत नाही. जेलचं शेपूट आखूड. हीट शॉकला शेपूटच नाही. ४५ सेकंद म्हणजे ४५ सेकंद, नजर घड्याळावरून हलवायची नाही. पेशी ट्रिप्सिनमध्ये (चिकटलेल्या पेशी सुट्या करणाऱ्या एंझाइममध्ये) असतील तर दोन-चार मिनिटं तिथेच उभं राहायचं, कारण जास्त वेळ राहिल्या तर त्यांना इजा होते. वेस्टर्नची प्रायमरी अँटिबॉडी (हव्या त्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिद्रव्य) मात्र रात्रभर ४ अंशांवर ठेवलेली असते आणि सकाळी आठऐवजी साडेनऊला आलं तरी रागावत नाही. विरंगुळा निवडायचा तो हे शेपूट बघून. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून पंचवीस मिनिटांची जी पद्धत काढली, ती वाचन-लेखनाला उत्तम आहे. लॅबमध्ये ती टिकत नाही, कारण तिथला टायमर आपला नसतोच, तो प्रयोगाचा असतो.

जेलचंच घेऊ. १ टक्का ॲगरोज (जेल जमवणारी पूड) म्हणजे १०० मिली टीएई बफरमध्ये, म्हणजे जेलच्या क्षारयुक्त द्रावणात, १ ग्रॅम. मायक्रोवेव्हमध्ये विरघळवताना उतू जातं, म्हणून फ्लास्क द्रावणाच्या तिप्पट मोठा घ्यायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबवून हलक्या हातानं गोल फिरवायचा. एकदम हलवला तर तापलेलं द्रावण उसळून मनगटावर येतं. फ्लास्क हाताला सोसवेल इतपत निवला की ओतायचं, डीएनए भरायच्या खाचांसाठी कंगवा लावायचा, जमू द्यायचं. मग १०० व्होल्टवर पंचेचाळीस मिनिटं. इथे घाई करणारे व्होल्टेज दीडशेवर नेतात. जेल तापते, मधल्या लेन (रांगा) पुढे पळतात, कडेच्या मागे राहतात आणि बँड (डीएनएचे पट्टे) हसल्यासारखे वाकतात. त्याला लॅबमध्ये ‘स्माइल’च म्हणतात, ते बघून हसू मात्र कुणाला येत नाही. उलट विसरून गेलं, तर डीएनए जेलच्या दुसऱ्या टोकानं बफरमध्ये निघून जातो आणि हाती कोरा चौकोन राहतो. म्हणून ही पंचेचाळीस मिनिटं खऱ्या अर्थानं मोकळी आहेत: जागेवर बसून ती कमी होत नाहीत आणि फार लांबही जाता येत नाही. टायमर खिशात ठेवायचा. टेबलावर ठेवलेला टायमर वाजतो तो इतरांसाठी.

पंचेचाळीस मिनिटांत टपरी येते. जाणं-येणं दहा, चहा दहा, गप्पा पंधरा, परतल्यावर हाताशी दहा. टपरीवरच्या या पंधरा मिनिटांत कितीतरी प्रयोग दुरुस्त झालेले असतात. शेजारच्या लॅबमधली सिनिअर सहज म्हणते, ‘अगं, तुझा बफर जुना असेल,’ आणि तीन आठवडे न सुटलेली गाठ सुटते.

रात्री टपरी बंद झाल्यावर होस्टेलच्या खोलीतला चहा करावा लागतो, आणि तो बहुतेकांचा बिघडतो. बिघडण्याची कारणं दोनच. पहिलं म्हणजे विजेच्या किटलीत दूध घालणं. तळाशी दूध करपतं, साय चिकटते, आणि किटली आपोआप बंद होते ती वाफेमुळे. वाफ एका धातूच्या पट्टीपर्यंत पोचली की पट्टी वाकते आणि बटण पडतं. दुधाचा फेस त्याआधीच वर चढून उतू जातो. झाकण उघडं ठेवलं तर वाफ तिथवर पोचतच नाही आणि किटली बंद होत नाही, हेही ध्यानात ठेवावं. किटलीत फक्त पाणी.

दुसरं कारण आलं. कोमट-गरम दुधात किसलेलं आलं टाकलं की चहा फाटतो. आल्यात झिंजिबेन नावाचं विकर (एंझाइम) असतं, ते दुधातलं केसीन हे प्रथिन तोडतं, आणि नेमकं साठ-सत्तर अंशांना सगळ्यात जोमात काम करतं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात याच गुणावर आल्याच्या रसानं दूध घट्ट करून गोड पदार्थ करतात. आपल्याला मात्र चहा हवा आहे. म्हणून आलं आधी पाण्यात. अर्धा इंच आलं पेल्याच्या बुडानं ठेचायचं, स्टीलच्या उंच पेल्यात टाकायचं, वर उकळतं पाणी दीडशे मिली ओतून ताटली झाकायची. चार मिनिटांत विकर निकामी होतं आणि स्वाद उतरतो. मग एक चमचा चहा पावडर, आणखी तीन मिनिटं. दुधाची पावडर दोन मोठे चमचे, पण ती थेट गरम चहात घालायची नाही, तिच्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळल्या तरी मोडत नाहीत. वाटीत दोन चमचे साध्या पाण्यात तिची पेस्ट करायची, त्यात थोडा गाळलेला चहा घालून सैल करायची आणि मग पेल्यात. साखर आपापल्या मनानं. गवती चहाची दोन पाती मिळाली तर आल्याबरोबरच जातात. होस्टेलच्या मागच्या वाफ्यात कुणीतरी ती लावलेली असतातच, नसतील तर लावावीत.

दहा मिनिटांच्या वॉशला एवढंही जमत नाही. तेव्हा खिडकी. गणेशखिंडीच्या विद्यापीठात जुने वड आहेत, आणि जिथे वड, पिंपळ, उंबर आहेत तिथे फेब्रुवारी-मार्चपासून तांबट ऐकू येतो. टुक्, टुक्, टुक्, एका लयीत, दूरवर कुणी तांब्याचं भांडं ठोकत बसल्यासारखा. चिमणीहून जरासा मोठा हिरवा पक्षी, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. आवाजावरून त्याला शोधू नये, कारण ओरडताना तो मान फिरवतो आणि आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. सकाळी झाडाच्या शेंड्यावरची वाळकी फांदी बघावी, तिथे तो उन्हात बसलेला सापडतो. वडाला फळं धरली की राखी धनेशही येतात, लांब शेपटीचे, चोचीवर छोटंसं शिंग असलेले, फांद्यांतून जड अंगानं उड्या मारत. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवत राहतो. एखादी ढोली ठाऊक झाली तर तिच्यापासून दूरच राहावं. माणसांची ये-जा वाढली की नर बिचकतो आणि आत उपाशी राहते ती मादी. लॅबच्या वहीत पक्ष्यांच्या नोंदी करू नयेत, ती वही अधिकृत कागद असते. खिशात मावणारी वेगळी छोटी वही आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की लॅबमध्ये हातावर सतत ७० टक्के इथेनॉल असतं आणि त्यानं मार्करची अक्षरं बघता बघता पुसली जातात.

पीसीआरच्या दोन तासांना, लांब शेपटामुळे, टेकडी चालते. पाषाणच्या बाजूनं वेताळ टेकडी चढून माथ्यावर थोडं टेकून परत यायला दीड तास पुरतो. पावसाळ्यात चिखल चपलेला धरतो आणि उतारावर घसरायला होतं, तेव्हा खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. एवढंच सांगण्यासारखं, बाकी टेकडी ज्याची त्यानं पाहावी.

पण पाय थकलेले असतात, बाहेर पाऊस असतो, आणि दिवसभर पिपेट धरून अंगठा दुखत असला तरी हातांना काहीतरी हवं असतं. अशा वेळी क्रोशा. संशोधन करणाऱ्या मुला-मुलींना क्रोशा मनापासून सुचवावासा वाटतो, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे: तो कधीही मध्येच सोडता येतो. दोन सुयांच्या विणकामात चाळीस-पन्नास टाके एकाच वेळी सुईवर असतात. सुई निसटली की सगळं उसवतं. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. टायमर वाजला की तो फास चार बोटं लांब ओढून ठेवायचा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. विणकाम बेंचवर मात्र न्यायचं नाही. ग्लोव्ह्ज काढून, हात साबणानं धुऊन, विद्यार्थ्यांच्या बसायच्या खोलीत. जिथे जेल रंगवतात तिथल्या इथिडियम ब्रोमाइड या घातक रंगाचा लोकरीशी संबंध येता कामा नये.

पहिली वस्तू पेल्याखाली ठेवायची गोल चकती करावी. ४ मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीचा सुती दोरा. सुरुवातीच्या फासात १२ खांब (उंच टाके). दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकात एक, पुढच्यात दोन, असं आळीपाळीनं, म्हणजे ३६. प्रत्येक फेरीला १२ वाढले पाहिजेत. बाराच का, हे विणणाऱ्या आज्यांना हातानं ठाऊक असतं. विद्यार्थ्याला ते कागदावर मांडायलाही आवडेल. एक फेरी वाढली की त्रिज्या एका खांबाच्या उंचीएवढी वाढते, आणि परीघ तिच्या ६.२८ पट वाढायला हवा. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो. ६.२८ ची दुप्पट साडेबारा. म्हणून बारा. वाढवायला विसरलात तर चकतीची वाटी होते. जास्त वाढवलेत तर कडेला झालर येते. ही झालर चूक असली तरी तिच्याकडे बघत राहावं अशी आहे. प्रत्येक फेरीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेलं की हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वळलेला, पृष्ठभाग तयार होतो, आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये नेमका तसाच विणून वर्गात दाखवायला नेला होता. कागदाची नमुनेवजा रूपं हाताळताना फाटत, लोकरीचं टिकलं.

संध्याकाळी रिकव्हरीच्या त्या एका तासात गच्चीवर जाता आलं तर आकाशात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दिसू शकतं. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ते साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं आणि एका वेळी फार तर सहा मिनिटं दिसतं. सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयाआधीचा दीड-दोन तास हीच त्याची वेळ, कारण तेव्हा आपण अंधारात आणि ते उन्हात असतं. लुकलुकलं तर ते विमान. स्थिर पांढरा ठिपका सरकत सरकत अचानक मध्येच विझला, तर ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं. गणेशखिंडीतच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, १९८८ मध्ये सुरू झालेली, चार्ल्स कोरिआ यांनी इमारत आखलेली. तिथे पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर अशा लंबकाच्या झोक्याची दिशा तासाला सुमारे पावणेपाच अंश फिरते, पूर्ण फेरीला पंचाहत्तर तासांच्या आसपास लागतात. जेल लावून येऊन एकदा बघितलं आणि नंतर परत येऊन बघितलं तर फरक डोळ्यांना कळतो. पृथ्वी फिरते हे शाळेपासून ठाऊक असतं. पण आपल्या टायमरच्या मापानं ती फिरताना दिसते, तेव्हा अंगावर शहारा येतो.

इतिहास किंवा भाषांवर काम करणाऱ्यांना असे इनक्युबेशनचे तास मिळत नाहीत. त्यांची वाट वेगळी, मागवलेला रुमाल (कापडात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं) किंवा फाइल टेबलावर येईपर्यंतची. त्या वीस मिनिटांत मोडी लिपी गिरवावी. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात, पानभर, आणि मग तिला लटकवत अक्षरं लिहितात. हात न उचलता लिहिण्याची ती सवय लागली की समोरचा कागद वाचायलाही सोपा जातो. टाकापेक्षा साधं जेल पेन बरं, शाईचे डाग जुन्या कागदांपासून दूर राहतात. बऱ्याच अभिलेखागारांत पेन चालतच नाही, तिथे पेन्सिल.

फोनबद्दल एकच सांगायचं आहे. चहा पेला रिकामा झाला की संपतो, क्रोशाची फेरी छत्तीसला संपते, स्थानक सावलीत जातं. फोनवरच्या चित्रफितींना शेवट नसतो, म्हणून त्या कुठल्याच तुकड्यात बसत नाहीत. दहा मिनिटांच्या वॉशला बघायला घेतल्या की मेम्ब्रेन (ब्लॉटची पट्टी) बफरमध्ये अर्धा तास पोहत राहतं. मोठे बेत हा याचाच दुसरा प्रकार. रविवारी राजगड ठरवलेला असतो आणि शनिवारी रात्री कळतं की पेशी सकाळीच पास कराव्या, म्हणजे नव्या भांड्यात हलवाव्या लागणार. मग गडही जातो आणि मनही लॅबमध्ये लागत नाही. गड सुट्टीत व्हावेत, आठवड्याच्या पोटात छोट्याच गोष्टी ठेवाव्यात.

आणि सगळ्यांत लांब तुकडा म्हणजे रात्र.

लॅबमध्ये रात्री कल्चर लावतात, म्हणजे जिवाणू वाढायला ठेवतात. ५ मिली एलबी (जिवाणूंचं खाद्यद्रावण), त्यात प्लेटवरची एक कॉलनी, ३७ अंश, शेकरवर मिनिटाला दोनशे फेरे, बारा ते सोळा तास. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. खोलीवर आल्यावर दुसरं कल्चर लावायचं, दह्याचं. या दोन्हींत खूप साम्य आहे आणि एकच मोठा फरक. लॅबमधल्याला हवा लागते म्हणून ते रात्रभर हलत राहिलं पाहिजे. दह्याच्या जिवाणूंना हवेची गरज नसते, आणि दुधाचं आम्ल वाढत जाऊन पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीनची जी नाजूक जाळी बनते ती धक्क्यानं मोडते. म्हणून दही हलवायचं नाही. ते टेबलावर ठेवून त्याच टेबलावर रात्री दोनपर्यंत टायपिंग केलं, तर सकाळी पाणी सुटलेलं असतं आणि दोष दुधाला जातो.

अर्धा लिटर दूध. पिशवीचं असेल तर पँट्रीत उकळून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवावं. त्यानं दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनंही केसीनला चिकटतात आणि दही घट्ट लागतं. मग निववायचं. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत सोसवली पाहिजे, म्हणजे साधारण ४२ अंश. थर्मामीटर वापरायचाच तर स्वयंपाकाचा, वेगळा विकत घेतलेला. लॅबमधली कुठलीही वस्तू जेवणापर्यंत येता कामा नये आणि जेवण लॅबच्या इनक्युबेटरपर्यंत जाता कामा नये, कितीही मोह झाला तरी. दूध जास्त गरम असताना विरजलं तर विरजण मरतं आणि सकाळी दूधच असतं, तेही बेचव. विरजण एक चहाचा चमचा, वाटीत चांगलं फेटून घेतलेलं. गाठ राहिली तर एका जागी आंबट, दुसरीकडे पातळ.

डिसेंबरात पुण्यात रात्री थंडी कडक असते. तेव्हा पातेलं टॉवेलात, टॉवेल स्वेटरात, शेजारी गरम पाण्याची बाटली आणि कपाटाचं दार बंद, आठ-दहा तास. एप्रिल-मेमध्ये चार-पाच तासांतच लागतं, आणि अकराला विरजून सातला उठलं की आंबट ढॅण. त्या दिवसांत विरजण अर्धा चमचाच आणि दूध जवळजवळ गार झाल्यावर. दह्याला तार येऊ लागली तर ते विरजण बिघडलं, नवं आणावं. कुठेच मिळालं नाही तर दोन हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन कोमट दुधात बुडवून ठेवावीत. बारा तासांत सैलसं लागतं. ते खाण्यासारखं नसतं, पण त्याचंच विरजण करून दुसरं लावलं की बरं जमतं आणि तिसरं झकास.

सकाळी लॅबला निघायच्या आधी झाकण काढायचं. पातेलं किंचित कलतं केलं आणि दही कडेपासून सुटून एकसंध राहिलं, चमच्यानं कापल्यावर कड धारदार दिसली आणि खळग्यात हळूहळू पिवळसर पाणी जमलं, तर जमलं. मीठ, नाहीतर साखर, नाहीतर मेसमधून आणलेली पोळी. खायला बसण्याआधी एक चमचा दही छोट्या वाटीत काढून झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं, रात्रीसाठी.